सीमोल्लंघनाची बारा गाणी

माणूस निवर्तल्यावर त्याच्या चीजवस्तूंची यादी करण्याचे काम बहुधा घरच्या माणसाकडे येत नाही. पंच जमतात, कारकून बैठक मारतो, आणि ज्या वस्तूंवरून मयताचा हात आयुष्यभर फिरला त्यांपैकी कोणती नोंदण्याजोगी व कोणती बिनमोलाची, याचा निवाडा परकी माणसे तासाभरात करून मोकळी होतात. १९६७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील डेक्का कंपनीने ‘पॅट्सी क्लाइन्स ग्रेटेस्ट हिट्स’ या नावाची जी लाँगप्ले ध्वनिमुद्रिका बाजारात आणली, ती मला नेहमीच अशा पंचनाम्याच्या कुळातली वाटत आली आहे. गायिका चार वर्षांपूर्वी, वयाच्या तिसाव्या वर्षी, विमान कोसळून गेलेली. नवे गाणे मिळण्याची आशा सरलेली. तेव्हा कोठारात जे होते त्यातले बारा नग निवडून, सहा एका अंगाला व सहा दुसऱ्या अंगाला, अशी ही तबकडी सिद्ध झाली. सगळी गाणी सलग ऐकली तर अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. त्या वर्षी कंट्री संगीताच्या लाँगप्लेंच्या यादीत ती सतराव्या क्रमांकापर्यंत चढली आणि उतरली. म्हणजे व्यापाऱ्याच्या भाषेत माल बरा खपला, याहून अधिक काही घडले नाही. पुढे तोच संग्रह कधी कॅसेटच्या, कधी सीडीच्या रूपाने कूस पालटत राहिला, आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटी प्रती गेल्याचा दाखला तेथील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघाने यथावकाश दिला.

‘निवडक’ या शब्दाविषयी माझ्या मनात जुनी अढी आहे. परशुरामतात्या गोडबोल्यांनी १८५४ साली ‘नवनीत’ सिद्ध केले तेव्हा मराठी कवितेवर उपकारच केले, यात शंका नाही. परंतु त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांना मुक्तेश्वर, वामनपंडित आणि मोरोपंत ठाऊक झाले ते ‘नवनीता’त होते तेवढेच, आणि बाकीचा कवी पोथ्यांच्या रुमालात बांधलेला राहिला. ध्वनिमुद्रिकांच्या जगात या प्रथेचा आरंभ सामान्यतः १९५८ च्या ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ या तबकडीपासून धरतात. कोलंबिया कंपनीने जॉनी मॅथिस या गायकाची आधी एकेकटी विकलेली गाणी एकत्र बांधली आणि त्या मोळीने नव्या लाकडापेक्षा अधिक काळ ऊब दिली. ती तबकडी बिलबोर्ड या व्यापारी साप्ताहिकाच्या यादीत सुमारे साडेनऊ वर्षे टिकून होती. तेव्हापासून प्रत्येक कंपनीच्या जमाखर्चात या जातीच्या संग्रहाला कायमचे खाते उघडले गेले. जिवंत गायकाच्या बाबतीत त्याची संमती, रुसवा, आग्रह असे काही तरी मधे येते. मयताच्या बाबतीत तेवढीही अडचण नसते.

आता या बाईंच्या नावामागे जे विशेषण चिकटले आहे, त्याविषयी. अमेरिकेत त्यांना ‘क्रॉसओव्हर’ गायिका म्हणतात. मराठीत त्यासाठी शब्द शोधण्याची खटपट करण्याचे कारण नाही; दसऱ्याच्या दिवशी शीव ओलांडून पलीकडच्या मुलखात जाण्याला आपण जे म्हणतो तेच ते, सीमोल्लंघन. बिलबोर्ड साप्ताहिकात गाण्यांच्या खपाच्या याद्या वेगवेगळ्या छापल्या जात. सर्वसाधारण श्रोत्यांची पॉप यादी एक, आणि दक्षिणेकडील व डोंगराळ मुलखातील श्वेतवर्णी कष्टकऱ्यांच्या गाण्यांची यादी दुसरी. या दुसऱ्या गाण्याला फार काळ ‘हिलबिली’ म्हणत असत, आणि त्या शब्दात जो तुच्छभाव आहे तो मुंबईकराच्या तोंडच्या ‘घाटी’ या शब्दाशी इतका तंतोतंत जुळतो, की भाषांतरकाराला इतकी सोय क्वचितच लाभावी. १९६१ च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलमधील ग्रँड ओल ऑप्री या नभोवाणी-जलशाची मंडळी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गाण्यास गेली तेव्हा डोरोथी किलगॅलन या विख्यात स्तंभलेखिकेने त्यांची गावंढळ म्हणून यथेच्छ थट्टा केली होती. पॅट्सी क्लाइन त्या मंडळींत होत्या, आणि पुढल्या एका मुक्कामी त्यांनी भर रंगमंचावरून त्या थट्टेची सव्याज परतफेड केली. अशा दोन मुलखांमधली ती शीव. एका यादीतले गाणे दुसऱ्या यादीत शिरले की कंपनीच्या घरी सोने येई. आपट्याची पाने नव्हेत, खरे सोने. मात्र शीव ओलांडताना गाण्याला अंगावरचे काय काय काढून ठेवावे लागे, हा प्रश्न मला अधिक छळतो, आणि ही बारा गाणी ऐकण्याचे माझे निमित्तही तेच.

या गाण्यांशी माझी ओळख आडवाटेने झाली. आमच्या गिरगावातल्या चाळीत एक गोवेकर ख्रिस्ती कुटुंब राहत असे, आणि रविवारी सकाळी त्यांच्या खोलीतून जिम रीव्ह्ज या गायकाचा गंभीर, मखमली आवाज जिन्यापर्यंत येई. मुंबईत आणि गोव्यात रीव्ह्जचे भक्त तेव्हा घरोघर होते, आणि हा कोणी इंग्रज जंटलमन असावा अशी माझी बालबुद्धीची समजूत होती. तोही कंट्री-गायक, तोही सीमोल्लंघन केलेला, तोही नॅशव्हिलजवळ विमान कोसळूनच गेला, १९६४ साली. त्याच्या आवाजामागे जी तंतुवाद्यांची मऊ गादी पसरलेली असे ती कोणत्या कारखान्यात विणली गेली, याची चौकशी करता करता मी पुढे पॅट्सी क्लाइन यांच्यापाशी पोहोचलो.

माझी एक भाची वॉशिंग्टनच्या पश्चिमेला, व्हर्जिनियातील लाउडन परगण्यात राहते. तिथे आता इतकी मराठी कुटुंबे आहेत की गणपतीच्या आरतीला जागा अपुरी पडते. एका ऑक्टोबरात तिच्याकडे गेलो असता मी विंचेस्टरला जाण्याचा हट्ट धरला. “मामा, तिथे सफरचंदांशिवाय काही नाही हो,” असे ती म्हणाली खरी. पण गाडी काढली. सात क्रमांकाचा रस्ता लीझबर्ग सोडल्यावर ब्लू रिज डोंगराची खिंड चढतो, पलीकडे शेनान्डोआ नदी ओलांडतो, आणि बेरीव्हिलवरून थेट विंचेस्टर गाठतो. घाटावर चढून देशावर उतरल्यासारखे वाटते. गाव जुने, ऐपतदार, सफरचंदांच्या बागांवर पोसलेले. आणि गावात वरच्या आळीची व खालच्या आळीची माणसे यांतील अंतर आपल्याकडच्या कोणत्याही गावाइतकेच मुरलेले. साउथ केंट रस्त्यावरचे ६०८ क्रमांकाचे घर खालच्या आळीतले. घर लहानसे, दुमजली. वर निजायची एकच मोठी खोली, आणि त्या एका खोलीत आई व तीन मुले झोपत.

या घरात राहणाऱ्या मुलीचे नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्स्ली. जन्म ८ सप्टेंबर १९३२. आई हिल्डा तेव्हा अवघी सोळा वर्षांची, वडील लोहारकाम करणारे व वयाने आईच्या अडीचपटींहून अधिक. पुढे वडील घर सोडून गेले. आईने शिवणावर संसार ओढला, आणि थोरल्या मुलीने शाळा सोडून गावातल्या गाँट यांच्या औषधांच्या दुकानात सोडावॉटर व आइस्क्रीम देण्याची नोकरी धरली. तेराव्या वर्षी तिला सांधेतापाचे मोठे दुखणे झाले होते. घसा सुजून श्वास कोंडला होता, आणि त्या दुखण्यातून उठल्यावर आपला आवाज असा भरदार झाला, असे ती स्वतःच सांगत असे. वैद्यकशास्त्र याला कितपत मान्यता देईल ते वैद्यांनी पाहावे. ‘पॅट्सी’ हे पॅटरसनचे लाडके रूप. ‘क्लाइन’ हे पहिल्या नवऱ्याचे आडनाव. नवरा चार वर्षांत सुटला, आडनाव राहिले.

या घरात मला सर्वांत अधिक विचार करायला लावला तो आईच्या शिवणकामाने. मुलगी रात्री नाचघरांत व जलशांत गाई तेव्हा ती जो पोशाख करी, झालरी सोडलेला, कशिद्याचा, गुराखिणीच्या थाटाचा, तो आई हाताने शिवून देई. १९५७ च्या जानेवारीत आर्थर गॉडफ्री यांच्या दूरचित्रवाणीवरील गायन-स्पर्धेसाठी न्यूयॉर्कचे बोलावणे आले. स्पर्धकाला कोणी तरी गुणशोधकाने श्रोत्यांपुढे आणावयाचे असा तेथील शिरस्ता होता, आणि तो नातलग असता कामा नये असा नियम. तेव्हा आईच परकी बनून उभी राहिली आणि आपल्याच मुलीची शिफारस करून आली. एवढे धाडस जिने केले तिच्या हातच्या झालरींना मात्र कार्यक्रमवाल्यांनी मज्जाव केला. गुराखिणीचा पोशाख नको, शहरी मेजवानीला शोभेल असा झगा घाला. आणि तुमच्या मनातले गाणे नको, ते दुसरे म्हणा. ते दुसरे गाणे म्हणजे ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’. मध्यरात्रीनंतर रस्त्यांनी एकटीच भटकत प्रियकराला शोधणाऱ्या बाईचे ते गाणे के स्टार या पॉप-गायिकेसाठी रचलेले होते, आणि पॅट्सीबाईंना ते मुळीच रुचले नव्हते. त्या झग्यात ते नावडते गाणे म्हणून त्या जिंकल्या. गाणे कंट्रीच्या यादीत दुसऱ्या आणि पॉपच्या यादीत बाराव्या क्रमांकावर गेले. पहिले सीमोल्लंघन हे असे, दुसऱ्याच्या कपड्यांत झाले.

त्यानंतर साडेतीन वर्षे काहीच हाती लागले नाही, आणि त्याचे कारण समजण्यास एक करारनामा वाचावा लागतो. १९५४ साली त्यांनी फोर स्टार नावाच्या कंपनीशी जो लेख केला, त्यात आपल्या मालकीचीच गाणी म्हणावीत असे कलम कंपनीने घातले होते. यामागचे गणित सरळ आहे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गाण्याला दोन सेंट एवढा हक्क प्रकाशकाला मिळे, आणि हा दर १९७७ पर्यंत तसूभरही हलला नाही. गायिका स्वतःची, गाणे स्वतःचे, म्हणजे दोन सेंटही घरातच. कंपनीचे मालक बिल मॅकॉल गरजू गीतकारांकडून गाणी विकत घेऊन डब्ल्यू. एस. स्टीव्हन्सन या टोपणनावाने त्यांवर आपलेही नाव नोंदवीत. गायिकेचा वाटा सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातून मुद्रणाचा खर्च वजा. अशा मक्त्याखाली त्यांनी ५१ गाणी म्हटली. यशस्वी म्हणावे असे त्यांत एक. आपल्याकडच्या सावकारी गहाणखताशी ज्याचा परिचय आहे त्याला यात नवे काही दिसणार नाही. पुढल्या आयुष्यात पॅट्सीबाई पैसा हाती पडल्याशिवाय रंगमंचावर पाऊल ठेवीत नसत, असे त्यांचे सगळेच सोबती सांगतात. तमाशाच्या फडातील कोणत्याही जाणत्या बाईने त्यांची पाठच थोपटली असती.

१९६० साली करार संपला, डेक्का कंपनीने त्यांना थेट आपल्याकडे घेतले, आणि त्यांच्यासाठी गाणी निवडण्याची मोकळीक ओवेन ब्रॅडली यांना मिळाली. हे गृहस्थ मूळचे पियानोवादक, नॅशव्हिलच्या सभ्य नाचांना साथ करणाऱ्या वाद्यवृंदाचे प्रमुख. त्यांनी व त्यांचे बंधू हॅरॉल्ड यांनी शहराच्या सोळाव्या अव्हेन्यूवर एक जुने घर विकत घेऊन त्यात मुद्रणालय थाटले, आणि मागल्या अंगाला लष्कराच्या विक्रीत मिळणारी पन्हळी पत्र्याची अर्धगोल झोपडी उभारली. युद्धात सैनिकांची पथारी पडे तसली ती क्वॉन्सेट झोपडी. तीत अमेरिकन संगीताचा नवा काळ घडला. रॉक अँड रोलच्या लाटेने १९५५-५६ पासून तरुण श्रोता कंट्रीपासून खेचून नेला होता, आणि धंदा बुडण्याची वेळ आली होती. तेव्हा डेक्काकडून ब्रॅडली व आरसीए कंपनीकडून चेट ॲटकिन्स या दोघांनी ठरविले, की तरुण गेला तर जाऊ द्यावा, त्याच्या आईबापांना धरावे. किनऱ्या स्वराचे गावरान फिडल बाजूला सारले, मींड घेऊन रडणारी स्टील गिटार मागे ढकलली. त्यांच्या जागी पियानो, मंद गुणगुणणारे गायकांचे चौकडे आणि व्हायोलिनांचा तांडा आला. याला नॅशव्हिल साउंड असे नाव पडले. तो म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले असता ॲटकिन्स यांनी खिशातली नाणी खुळखुळविली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

परंतु नाण्यांच्या खुळखुळाटात तेथील वादकांचे कसब विसरणे अन्यायाचे होईल. फ्लॉइड क्रेमर पियानोवर, ग्रेडी मार्टिन व हँक गारलँड गिटारवर, बॉब मूर बास वाजवायला, बडी हार्मन तालाला, आणि मागे जॉर्डनेअर्स हा चौघा पुरुषांचा गायकवृंद. तीन तासांची एक पाळी, आणि एका पाळीत चार गाणी असा बांधलेला हिशेब. पुष्कळांना पाश्चात्त्य स्वरलिपी सहज वाचता येत नसे, म्हणून जॉर्डनेअर्सपैकी नील मॅथ्यूज यांनी आकड्यांची एक पद्धती बसविली: गाण्याची पट्टी कोणतीही असो, षड्जाच्या जागेला एक, मध्यमाला चार, पंचमाला पाच. गायिकेने आयत्या वेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चाले. आपल्या सरगमचे हे तत्त्व टेनेसीतल्या पत्र्याच्या झोपडीत कोणी स्वतंत्रपणे शोधून काढावे, याचे मला मोठे कौतुक वाटते.

या पद्धतीशी पॅट्सीबाईंचे पहिल्या दिवसापासून वाजले. त्यांना यॉडल घ्यायचे असे, म्हणजे छातीच्या स्वरावरून एकाएकी टाळूच्या स्वरावर उडी मारण्याचा तो डोंगरी प्रकार. ब्रॅडलींना संथ, ओढणारी, शहरी दुःखाची गाणी हवी असत. १९६० च्या नोव्हेंबरात ‘आय फॉल टु पीसेस’ मुद्रित व्हायचे ठरले तेव्हा जॉर्डनेअर्स पाहून त्या बिथरल्या. हे चौघे पुरुष माझा आवाज बुडवतील, अशी त्यांची तक्रार. गाणे आधी दुसऱ्या दोघांनी नाकारलेले. ते हळूहळू सात महिने चढत राहिले आणि १९६१ च्या ऑगस्टमध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पॉपमध्ये पुन्हा बारावे. मधल्या जूनमध्ये नॅशव्हिलमध्ये मोटारींची समोरासमोर धडक झाली, बाईंचे कपाळ फाटले, मनगट मोडले, कंबरेचा सांधा निखळला. गाणे यादीत वर जात होते आणि गाणारी रुग्णालयात पडून होती.

‘क्रेझी’ या गाण्यापाशी मात्र थांबलेच पाहिजे. विली नेल्सन तेव्हा नॅशव्हिलमध्ये गीते विकत फिरणारा टेक्ससचा एक अनोळखी मनुष्य होता. पॅट्सीबाईंचे दुसरे पती चार्ली डिक यांनी एका रात्री मद्यगृहातून त्याला गाण्यासकट घरी आणले, असे सांगतात. त्याच्या मुद्रणात शब्द तालाच्या मागे रेंगाळत, अर्धे बोलल्यासारखे येत. बाईंना ते पसंत पडेना. ब्रॅडलींनी एवढेच सुचविले, की त्याच्यासारखे म्हणू नका, तुमच्यासारखे म्हणा. २१ ऑगस्ट १९६१ रोजी त्या कुबड्या घेऊन क्वॉन्सेट झोपडीत आल्या. गाण्याची चाल साध्या कंट्री गाण्याच्या तीन स्वरसंघांवर भागणारी नाही. तीत मोठमोठ्या उड्या आहेत, आणि वरचा स्वर गाठताना दुखावलेल्या फासळ्यांनी साथ सोडली. चार तास एका गाण्यावर गेले, जेथे चार तासांत पाच गाणी व्हायची. अखेर वादकांचे काम मुद्रित करून ठेवले, बाईंना घरी पाठविले, आणि काही आठवड्यांनी त्या परत आल्या तेव्हा एका दमात आपला भाग म्हणून गेल्या. आज आपण ऐकतो तो आवाज हा.

आपल्या श्रोत्याने या गाण्यात काय ऐकावे, हे मी माझ्या मगदुराप्रमाणे सांगतो. त्यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा, घट्ट. शब्दाच्या आरंभी तो सरळ स्वरावर बसत नाही, खालून घसरत येऊन बसतो, आणि सुटतानाही काठ मोडून सुटतो. ज्या स्टील गिटारला झोपडीबाहेर ठेवले होते तिची मींड बाईंच्या गळ्यात शिरून आत आली, असे मला वाटते. यॉडलही पुरते गेले नव्हते. ‘फेडेड लव्ह’च्या अखेरीस शेवटल्या शब्दाआधी जो श्वास अडखळतो, त्यात ती डोंगरी उडी अर्धीच घेऊन सोडून दिलेली आहे. व्हायोलिनांची गादी कितीही मऊ असो, तिच्यावर बसलेली बाई लोहाराचीच पोर आहे. दागिने उतरवून ठेवलेल्या बाईची चाल बदलत नाही, तसेच काहीसे. जी गाणी त्यांनी भांडून, नाखुषीने, दुसऱ्याच्या हुकमाने म्हटली, त्यांतच त्या सर्वाधिक सापडतात, आणि ज्यासाठी भांडल्या त्या यॉडलच्या उडत्या गाण्यांत त्यांच्यासारख्या आणखी दहा जणी सापडतील. कलावंताला आपले हित कळते, ही माझी आवडती समजूत या बाईंनी खोटी पाडली. आणि व्यापाऱ्याला कळते हे मान्य करण्याची माझी अजूनही तयारी नाही. ब्रॅडली व्यापारी असण्याआधी पियानोवादक होते, एवढ्यावर मी समाधान मानतो.

१९६३ च्या फेब्रुवारीत चार ते सात तारखांना त्या अखेरच्या मुद्रणासाठी झोपडीत आल्या. ‘स्वीट ड्रीम्स’ त्यांतले. इतकी व्हायोलिने पाहून आपण कंट्रीपासून फार लांब आलो, अशी चिंता त्यांनी बोलून दाखविली होती. ते मुद्रण मंडळींसमवेत ऐकताना बाईंनी आपली अगदी पहिली तबकडी हातात धरून, ही पहिली आणि ही शेवटली, अशा अर्थाचे काही म्हटले, अशी हकीकत तेथे हजर असलेल्यांनी सांगितली आहे. अशा हकीकती मागाहून धारदार होतात, हे मला ठाऊक आहे; तरी टाळवत नाही. ३ मार्चला कॅन्सस सिटीत अपघातात दगावलेल्या एका नभोवाणी-निवेदकाच्या कुटुंबासाठी मदतीचा जलसा होता. परतीला हवा बिघडलेली. डॉटी वेस्ट या मैत्रिणीने मोटारीतून चलण्याचा आग्रह केला, तो बाईंनी मानला नाही. ५ मार्चच्या संध्याकाळी त्यांचे व्यवस्थापक रँडी ह्यूज स्वतः चालवीत असलेले लहान विमान टेनेसीत डायर्सबर्गला इंधनासाठी उतरले; रात्र येथेच काढा असे तेथील माणसाने सांगून पाहिले; सहा वाजून सात मिनिटांनी ते उडाले, आणि थोड्याच वेळात कॅम्डनजवळच्या रानात कोसळले. बरोबर काउबॉय कोपास आणि हॉकशॉ हॉकिन्स हे दोघे गायक. कोणीही वाचले नाही.

आता त्या पंचनाम्याकडे पुन्हा वळू. १९६७ ची यादी मी एकदा बिलबोर्डच्या आकड्यांशी रुजवात घालून पाहिली, तेव्हा तिच्या नावातली अतिशयोक्ती ध्यानात आली. ‘स्ट्रेंज’, ‘यू आर स्ट्राँगर दॅन मी’, ‘व्हाय कान्ट ही बी यू’ आणि ‘बॅक इन बेबीज आर्म्स’ ही चार गाणी मुळात लहान तबकड्यांच्या मागल्या अंगाला दिलेली, म्हणजे गिऱ्हाइकाला फुकट मिळालेली. उलट १९६२ मध्ये कंट्रीच्या पहिल्या दहांत गेलेले ‘व्हेन आय गेट थ्रू विथ यू’ यादीत नाही. ते उडत्या चालीचे, आनंदी गाणे आहे. गेलेल्या बाईच्या तोंडी निवडणाऱ्याला ते शोभेसे वाटले नसावे. अशा रीतीने शोकाला अनुकूल अशी एक बाई सिद्ध झाली. खऱ्या पॅट्सी क्लाइन, जेवढ्या त्यांच्या सोबत्यांच्या आठवणींतून कळतात तेवढ्या, मोठ्याने हसणाऱ्या, शिवराळ, बाई असो की बुवा प्रत्येकाला ‘हॉस’ म्हणून हाक मारणाऱ्या, आणि लॉरेटा लिनसारख्या नवख्या गायिकेला घरात घेऊन स्वतःचे कपडे देणाऱ्या होत्या. तबकडीवर हे काही नाही.

आणि तरीही हीच तबकडी चालली. १९८० मध्ये लॉरेटा लिनच्या जीवनावरील चित्रपटात पॅट्सी हे पात्र आले. १९८५ मध्ये ‘स्वीट ड्रीम्स’ नावाचा चित्रपट निघाला आणि जेसिका लँग या नटीने मूळ मुद्रणांवर ओठ हलवले. त्या प्रत्येक वेळी दुकानात गेलेल्या नव्या गिऱ्हाइकाला हाताशी सापडला तो हाच स्वस्त, आटोपशीर संग्रह. १९८८ साली त्याला ‘ट्वेल्व्ह ग्रेटेस्ट हिट्स’ असे नवे नाव मिळाले. जुन्या मालासाठी बिलबोर्डने वेगळी यादी काढल्यावर त्या यादीत तो शेकडो आठवडे मुक्काम करून राहिला. ज्या विंचेस्टरने त्यांना उभ्या आयुष्यात वरच्या आळीत बसू दिले नाही, त्या गावानेही केंट रस्त्यावरचे घर २०११ मध्ये लोकांना खुले केले. गावाबाहेर शेनान्डोआ मेमोरियल पार्कमध्ये त्यांची समाधी आहे, आणि आवारात त्यांच्या स्मरणार्थ घंटांचा एक मनोरा. समाधीवर आडनाव आहे ते डिक.

परतीच्या वाटेवर भाचीने गाडीत तोच संग्रह लावला. पहिले गाणे ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’, गावोगावच्या ज्यूकबॉक्समधून वाजलेले, जे त्या उसन्या झग्यात म्हटले गेले होते ते. निदान मी इतकी वर्षे तसे समजत होतो. घरी आल्यावर १९५६ च्या नोव्हेंबरातले फोर स्टारचे मूळ मुद्रण शोधून दोन्ही एकापाठोपाठ ऐकली. मुळातल्या गाण्यात स्टील गिटार उघडपणे रडते, चाल किंचित ओबडधोबड आहे, आणि गाणे अडीच मिनिटे चालते. संग्रहातले दोन मिनिटांत आटोपते. मागे जॉर्डनेअर्स गुणगुणतात. यादीतली पहिलीच नोंद अस्सल नव्हे, नक्कल आहे. डेक्काने ते गाणे बाईंकडून १९६१ च्या ऑगस्टात, ‘क्रेझी’च्या त्याच दिवसांत, पुन्हा म्हणवून घेतले होते.

भाचीला नक्कलच आवडली. मीही ती पुन्हा लावायला सांगितली, कारण एवढ्यात मला तारखांचा हिशेब लागला होता. मध्यरात्रीनंतर मैलोगणती चालत जाण्याचे ते गाणे बाईंनी त्या महिन्यात म्हटले, तेव्हा त्यांच्या दोन्ही कुबड्या तेथेच कोठे तरी भिंतीला टेकून ठेवलेल्या असणार.